गोळीचं पुरतं नाव

"साखरेची का डोक्याची?"

औषधाच्या दुकानातला नवा माणूस हे इतक्या सहज विचारून गेला, की लीलाबाईला आधी वाटलं, मागच्या कुणाला तरी विचारतोय. पण तो तिच्याकडेच बघत होता. कानावर पेन्सिल, हात फळीवरच्या दोन डब्यांच्या मधोमध थांबलेला. "बाई, नाव अर्धंच सांगताय तुम्ही. तसल्या नावाच्या दोन गोळ्या आहेत. क्लोरप्रोपामाइड ही साखरेची. क्लोरप्रोमाझिन ही डोक्याची, वेडाबिडावर देतात ती. कुठली काढू?" गेले पाच महिने ती हे अर्धंच नाव सांगत आली होती. 'किलोरपरमा' एवढं म्हणायचं आणि पुढचं पदराआड गिळायचं. आकाराम नावाचा म्हातारा नोकर होता दुकानात. पहिल्या खेपेला रिकाम्या दुकानात त्यानं डॉक्टरांची चिठ्ठी बघितली होती. त्यानंतर तो ते अर्धं ऐकायचा, मान दुसरीकडे वळवून पुडी बांधायचा आणि पुढे सरकवायचा. कधी एका शब्दानं विचारलं नाही. त्या न विचारण्यात केवढी माया होती, ते तिला या क्षणी कळलं. आकाराम आज गावाला गेला होता, आणि तिच्या पाठीला खांदा लागेल इतक्या जवळ घरमालकीण रंगुबाई गुडघ्याला लावायचं मलम घ्यायला उभी होती.

चिठ्ठी दाखवली असती तर प्रश्नच नव्हता. पण चिठ्ठी घरी होती, ट्रंकेच्या तळाशी, मिल्ट्रीच्या कागदांच्या खाली. चिठ्ठीच्या माथ्यावर डॉक्टरांच्या नावाखाली ठळक छापलं होतं, 'मनोविकारतज्ज्ञ'. लीलाबाई चौथी शिकलेली. तो शब्द तिनं पहिल्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून अक्षर अक्षर लावून वाचला होता, आणि वाचून झाल्यावर कागदाची घडी घातली ती पुन्हा चारचौघांत उलगडली नव्हती. त्यापेक्षा नाव पाठ केलेलं बरं. डॉक्टरांनी दोनदा म्हणून दाखवलं होतं. पहिला तुकडा विहिरीवरच्या इंजिनाच्या नावासारखा वाटला, तो राहिला. मधला राहिला. शेवट काही केल्या तोंडात बसेना. शेवटाला तिनं सोडून दिलं, आणि सगळं काही त्या शेवटातच होतं, हे कुणी तिला सांगितलं नव्हतं.

"कुठली, बाई?"

तिला रंगुबाईचा श्वास ऐकू येत होता. काचेवर गोळ्या मोजायची पात्याची सुरी पडली होती. कुठून तरी स्पिरिटचा थंड वास आला. तिला वाटलं आपण काहीच बोललो नाही, आणि तेवढ्यात तिचाच आवाज तिला ऐकू आला, अगदी स्वच्छ, बाजारात कोथिंबीर मागावी तसा. "साखरेची."

त्यानं सुरीच्या टोकानं दोन दोन करत पांढऱ्या गोळ्या ओढल्या, पुडी बांधली, पुडीवर पेन्सिलीनं इंग्रजीत नाव लिहिलं. "उपाशीपोटी देऊ नका हं. साखर एकदम उतरते. घाम फुटून माणूस आडवा होतो." ती व्हय म्हणाली. जन्मभर साखरेच्या माणसाचं करत आल्यासारखी म्हणाली.

"आगं बया, मालकास्नी साखर हाय व्हय?" दुकानाच्या पायरीवरच रंगुबाईनं तिचा दंड धरला. "आन् बोलायचं न्हाईस? म्या आपली काय काय मनात आणत हुते. माणूस भाईर पडत न्हाई, कुणाशी बोलत न्हाई, भित्तीकडं बघत बसतोय. म्हनलं, मिल्ट्रीतनं डोक्यावर काय घिऊन आलाय का काय. साखर व्हय! साखरंनं माणूस असाच गळतोय बघ. माझं मामा असंच हुतं." रंगुबाई खरोखरच सुटल्यासारखी दिसत होती. ती भरभर बोलत राहिली, कारल्याचा रस, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड, आणि मग गणपती पेठेच्या वळणावर आवाज खाली आणून म्हणाली, "आता आपल्या कृष्णातचं बी बोलाय हरकत न्हाई. परवा आमच्या भावजयीला म्हनलं, पोरगी लाखात एक हाय, पर बापाचं जरा बघू. आता काय. साखर काय कुणाला बी हुती."

कृष्णात रंगुबाईच्या भावाचा मुलगा. साखर कारखान्यावर चिटबॉय, उसाच्या नोंदी ठेवणारा, चार एकर ऊस, घरात दोन माणसं फौजेत. लीलाबाईच्या मुलीला, विजयमालाला, सतरावं सरत आलं होतं. ती शिराळ्याकडे गावीच होती, चुलत्याजवळ, आणि चुलता म्हणजे लीलाबाईचा थोरला दीर नाथाजी. नाथाजीनंच सांगितलं होतं, "सांगलीला खोली घिऊन ऱ्हावा. दवापानी करा. कुणी इचारलं तर पोटाचं हाय म्हणा. पोरीचं हात पिवळं हुस्तवर तोंड मिटून ऱ्हायाचं." लीलाबाई तोंड मिटून राहिली होती. पोटाचं म्हणून सांगितलं तर लोकांना ते पटत नव्हतं. आणि आज न मागता, न ठरवता, पटण्याजोगं एक दुखणं तिच्या हातात आलं होतं, पुडीत बांधून. पेठेत हळदीचा हंगाम सुरू झालेला. पोत्यांतून उडणारी पिवळी पूड हवेत, ओठांवर, पापण्यांवर. रंगुबाई बोलत होती आणि लीलाबाईला वाटत होतं, किती सोपं होतं हे. आणि त्याच वेळी ती मनाशी म्हणत होती, रंगुबाई आत गेली की आपण मागच्या मागं दुकानात जाऊ, गोळ्या बदलून आणू. आज शनिवार. उद्या दुकान बंद. घरातली शेवटची गोळी कालच संपली होती.

नवऱ्याचं नाव हंबीरराव. एकोणीस वर्षांच्या संसारात तिनं ते लग्नातल्या उखाण्यापुरतं घेतलं, नंतर कधी ते तोंडावर आणलं नाही. दवाखान्यातल्या माणसानं वही उघडून 'पेशंटचं नाव?' विचारलं, तेव्हाही तिनं मिल्ट्रीचं पुस्तक पुढे केलं होतं. नाव घेतलं तर आयुष्य कमी होतं, असं आई सांगायची. त्याचं आयुष्य कमी झालं होतं की नाही कुणास ठाऊक, पण तो लढाईनंतर आला तो अर्धाच आला, असं तिला वाटे. तो सिग्नलमध्ये लाइनमन होता. रानावनातून तारा टाकायच्या, तुटलेल्या शोधायच्या, जोडायच्या, आणि जोडल्यावर टेलिफोन लावून पलीकडच्या माणसाशी बोलून बघायचं. रजेवर यायचा तेव्हा चुलीपुढं बसून सांगायचा, तारेवर गावाचं नाव कसं तोडून तोडून सांगतात, पलीकडचा ते परत म्हणून दाखवतो, म्हणून दाखवल्याबिगर फोन ठेवायचा नाही. तिला हसू यायचं. गावाचं नाव सांगायला एवढा खटाटोप! बाहत्तरच्या उन्हाळ्यात आला तो घरात झोपेना. दार लावलं की उठून बसायचा. मळणीचं यंत्र सुरू झालं की उसात जाऊन बसायचा, आणि संध्याकाळी तिनं जाऊन हाताला धरून आणायचं. हात मात्र नेहमी धरू दिला. काय झालं होतं तिकडं, ते तिनं दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. वर्षाच्या आत फौजेनं त्याला पेन्शनीवर घरी पाठवलं. या गोळीनं तो रात्री झोपू लागला होता, एवढं खरं. दार लावून झोपू लागला होता. लीलाबाईला तेवढं पुष्कळ होतं. कधी कधी पहाटे जाग आली की ती पडल्या पडल्या त्याचा श्वास ऐकत राही, आणि तिला वाटे, ज्या गोळीनं हे दिलं तिचं आपल्याला पुरतं नावसुद्धा येत नाही.

घरी आल्यावर रंगुबाई आत गेलीच नाही. ती पायरीवर तांदूळ निवडत बसली. आता बाहेर पडायचं म्हणजे तिला काहीतरी सांगणं आलं. लीलाबाईनं पुडी कोनाड्यात ठेवली आणि स्टोव्ह पेटवायला घेतला. चहा होईपर्यंत काहीतरी सुचेल. तो खिडकीजवळच्या स्टुलावर बसला होता, बोटांत सुतळीचा तुकडा, त्याला पीळ घालत, सोडत. तिनं पंप मारला. तिनं दूध बघितलं. तिच्या डोक्यात वाक्यं येत होती आणि मोडत होती, रंगुबाय, जरा जाऊन येते, मीठ संपलंय. नाही, मीठ सकाळीच हिच्यासमोर आणलं. गिरणीचा भोंगा झाला. सहा वाजले. त्याची गोळीची वेळ. गेल्या पाच महिन्यांत ती वेळ एकदाही चुकली नव्हती. फौजेतल्या माणसाला दुसरं काही राहिलं नाही तरी वेळ राहते. मागं पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज झाला.

ती वळली तेव्हा पुडी उघडी होती आणि त्याचा हात तोंडाशी गेलेला होता.

ती ओरडली की नाही, तिला आठवत नाही. तिनं त्याच्या मनगटावर फटका मारला, जोरात, जनावराला मारावा तसा. पेला पडला. गोळी फरशीवर उडून कॉटखाली गेली. स्टोव्ह एकटाच घुरघुरत राहिला. त्याला असल्या आवाजानं काय होतं ते तिला माहीत होतं. तो आता कोपऱ्यात जाईल, गुडघ्यांत डोकं घालेल, आणि उद्यापर्यंत वर करणार नाही. ती तशीच उभी राहिली.

तो वाकला. कॉटखाली हात घालून गोळी काढली, खिडकीच्या उजेडात धरली. मग पुडीचा कागद सपाट केला आणि त्यावरची अक्षरं बोटानं एकेक करून वाचली. त्याला बराच वेळ लागला.

"ही माझी न्हवं," तो म्हणाला. आठवड्याभरात तो एवढं बोलला नव्हता. "माझी निराळी. कुणी दिली ही?"

"मीच मागितली."

"चुकून?"

व्हय म्हणाली असती तर मिटलं असतं. "न्हाई," ती म्हणाली, "रंगुबाय मागं हुती. दुकानदारानं मोठ्यानं इचारलं, साखरंची का डोक्याची. माझी जीभच वळली न्हाई."

तो गोळीकडे बघत होता. "माझी लाज वाटली?"

"वाटली," लीलाबाई म्हणाली. आणि म्हटल्यावर तिला रडू यायला हवं होतं ते आलं नाही. ती नुसती भिंतीला टेकून खाली बसली.

बाहेर रंगुबाई सूप पाखडत होती. हंबीररावानं स्टोव्हची चावी सोडली. आवाज बसत बसत थांबला, तेव्हा तो म्हणाला, "मला बी वाटती. म्हणून तर भाईर जात न्हाई."

लीलाबाईनं मान वर केली. एवढे दिवस ती समजत होती की त्याला काही लागत नाही. लोकांचं बघणं, भावाचं टाळणं, मुलीच्या लग्नाची कुजबुज, सगळं आपल्यालाच लागतं, त्याला गोळीनं आणि दुखण्यानं पलीकडे कुठे तरी नेऊन ठेवलंय, आणि या काठावर आपण एकट्याच. तिनं त्याला आंघोळीचं पाणी काढून दिलं, भाकरी कुस्करून दिली, पण त्याला लाज वाटत असेल हे एकदा तिच्या मनात आलं नव्हतं. एकाच खोलीत, एकाच गोष्टीची लाज दोघं निरनिराळी बाळगून होते. ती त्याच्या हाताकडे बघू लागली. मनगटावर तिच्या बोटांचा लाल वळ उठला होता.

"लागलं का वो?"

"न्हाई." मग पुडीच्या कागदाची घडी घालत, "पुरतं नाव येतं का तुला?"

"शेवट ऱ्हात न्हाई माझ्या ध्यानात."

तो तिच्यासमोर फरशीवर येऊन बसला, मांडी घालून. बोटानं फरशीवर ठोका दिला. "क्लोर." दुसरा ठोका. "प्रो." तिसरा. "मा." चौथा. "झिन. म्हण."

"किलोर."

"कि न्हाई. जीभ वर लागू दे, मग सोड. क्लोर."

"क्लोर." तिला एकदम हसू आलं, या वयात पाटी घेऊन बसल्यासारखं. तो हसला नाही, पण थांबला. तारेवर पलीकडच्या माणसासाठी थांबत असेल तसा थांबला. चार ठोके, पुन्हा चार ठोके. 'मा' पर्यंत ती येई आणि पुढे जिभेला सवयीनं काहीच नसे, पायरी संपल्यासारखं. "झिन," तो म्हणे, "झ. झऱ्याचा झ." सहाव्या की सातव्या वेळेला ते सबंध बाहेर पडलं, क्लोरप्रोमाझिन, आणि तिला ते तोंडात जड, गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखं लागलं. एवढंच होतं. एवढ्याला ती पाच महिने भ्याली होती. "आता परत," तो म्हणाला. तिनं परत म्हटलं. त्यानं मान हलवली आणि उठून खुंटीवरचा सदरा घेतला.

"दुकान कवा बंद हुतं?"

"आटला. पर तुमी कशाला, मी जाऊन येती की."

"चल," तो म्हणाला.

सांगलीला आल्यापासून दवाखान्याखेरीज तो कुठंच गेला नव्हता. दारात बसून बुटाच्या नाड्या बांधायला त्याला वेळ लागला. लीलाबाई त्याच्यापाशी उभी राहिली आणि पायरीवरच्या रंगुबाईनं सूप खाली ठेवलं. "आत्ता गं बया, दोघं कुठं निघालासा? फिराय व्हय? बरं करतासा. साखरंला चाललेलं बरं असतंय." उत्तर तयार होतं. रंगुबाईनंच हातात दिलं होतं. नुसती मान हलवायची की झालं; विजयमालाचं ठरेल, नाथाजी खूश होतील. लीलाबाईला खाली वाकलेल्या त्याच्या मानेवरचे पांढरे केस दिसत होते. ते कधी झाले?

"रंगुबाय," ती म्हणाली, "ह्यास्नी साखर न्हाई. मघाशी मी खोटं बोलले. डोक्याची गोळी चालू हाय. लढाईवरनं आल्यापासनं." तो नाडी बांधायचा थांबला नाही.

रंगुबाईचं तोंड उघडं राहिलं. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा सुपातल्या तांदळाकडे. मग ती म्हणाली, "जावा. दुकान बंद हुईल. माघारी आल्याव बोलू." ते बोलणं पुढे झालं. कृष्णातचं काही जुळलं नाही. भावजय नको म्हणाली, आणि रंगुबाईनं ते लीलाबाईला तोंडावर सांगितलं, आडून नाही. विजयमालाचं लग्न त्यानंतर दोन वर्षांनी वाईकडच्या एका मास्तराशी झालं, सगळं सांगून. पण रंगुबाईच्या तोंडून ती गोष्ट बाहेर कुणाला कळली नाही, आणि जांभळाच्या बियांची पूड मात्र तिनं दुसऱ्याच दिवशी आणून दिली, दळलीच आहे तर असू दे म्हणून.

रस्त्यानं तो भिंतीच्या कडेनं चालला. हळदीची पोती उतरवणाऱ्या हमालांनी एक पोतं धप्पकन टाकलं तेव्हा तो जागच्या जागी थिजला. लीलाबाई थांबली. चल म्हणाली नाही, ओढलं नाही. लोक बाजूनं जात होते, एकदोघांनी वळून पाहिलं. तिला वाटलं होतं तेवढं ते टोचलं नाही. थोड्या वेळानं त्याचं पाऊल उचललं.

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. लीलाबाईनं पुडी काचेवर ठेवली. "ही बदलून द्या. मला क्लोरप्रो," आणि इथं ती अडली. सगळे बघत होते. तिला वाटलं, तो मागून सांगेल. तो नुसता उभा होता, श्वास धरून. काचेवर तिनं आपल्याच बोटानं ठोका दिला. "मा. झिन. क्लोरप्रोमाझिन."

दुकानदारानं कानावरची पेन्सिल काढली. "अहो, मघाशी तर साखरेची म्हणालात."

"मघाशी चुकीचं सांगितलं."

"असं चुकून कसं चालेल, बाई? जीव जायचा कुणाचा तरी." त्याच्या आवाजात राग होता, आणि तो बरोबरच होता. त्यानं पुडी मागं घेतली, दुसरा डबा काढला. मग जरा हळू विचारलं, "कुणाला द्यायच्या आहेत?"

"मला," हंबीरराव म्हणाला.

दुकानदारानं त्याच्याकडे पाहिलं. गोळ्या मोजल्या, पुडीवर नाव लिहिलं, आणि या वेळी ते मराठीत लिहिलं, सबंध, मोठ्या अक्षरांत, आणि पुडी लीलाबाईच्या नाही, त्याच्या हातात दिली.

परतायचं वळण आलं तेव्हा तो वळला नाही. सरळ चालत राहिला. लीलाबाईला भाकरीचं पीठ आठवलं, दूध उघडं राहिल्याचं आठवलं, तरी ती गेली. घाटावर कुणी नव्हतं, एक बाई धुणं पिळून घागर उचलत होती तेवढीच. आयर्विन पुलावरचे दिवे लागले होते. कृष्णेचं पाणी माघातलं, उतरलेलं, संथ. तो शेवटच्या पायरीवर बसला, पुडी उघडली, एक गोळी जिभेवर ठेवली आणि ओंजळीनं पाणी घेऊन प्याला. ओले हात गुडघ्यांवर ठेवून तो पलीकडच्या काठाकडे बघत बसला.

"आज उशीर झाला गोळीला," तो म्हणाला.

"हुंदे एक दिस."

पाण्यावरून वारा आला. सदऱ्याच्या बाहीखाली त्याचा हात शहारलेला तिला दिसला. पण त्यानं स्वतःचं काही म्हटलं नाही. तो तिच्याकडे वळला. तीन वर्षांत त्यानं तिच्याबद्दल काही विचारलं नव्हतं, जेवलीस का नाही, दमलीस का नाही.

"थंडी वाजत्या का तुला?"

तिला वाजत नव्हती. चालून चालून उलट घाम आला होता.

"जरा जरा," लीलाबाई म्हणाली, आणि तो तिच्याकडे सरकून बसला.